चाक अर्धा फेर पुढे

ब्रेकसरांची गाडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. जावई येऊन ती घेऊन जाणार होता. गाडी वाटेला लागली की घरात जरा मोकळं होईल, असं मुलगी फोनवर म्हणाली होती, आणि सरांनी 'बरं' म्हटलं होतं. त्यांचं 'बरं' कधी होकार असायचा आणि कधी नुसता सुस्कारा, हे त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी उभी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवली. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणारा गांगरला की त्याच्याआधी सरांचा पाय पडायचा, म्हणून ते ब्रेकसर. पुढे डोळ्यांनी दगा दिला. आता त्यांना उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. तरी रोज सकाळी चाचपडत गाडीत जाऊन बसायचे, इंजिन सुरू करायचे, जिवाचा कान करून ऐकायचे आणि बंद करून घरात यायचे. बायको शिलाई मशीनवरून हे सगळं बघत असायची.

त्या दुपारी तिने मशीनवर कापड झाकलं आणि बाहेर आली. गाडीची बॉडी तिने सकाळीच पुसली होती, पण टायर बघवत नव्हते. उभ्या उभ्या तपकिरी पडलेले, कडांना चिखलाचे पापुद्रे.

"अहो, लेकीच्या दारात अशा पायांनी जायची का ही?"

"दुकानात टायरचं पॉलिश मिळतं," सर पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले.

"मिळू दे. माझं स्वयंपाकघर काही ओस पडलेलं नाही."

तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, भांडी घासायचं लिक्विड त्यात ओतलं आणि हात घालून फेस काढला. एका वाटीत खायचा सोडा पाण्यात कालवून दाटसर लेप केला. व्हिनेगरची बाटली, कपड्यांचा ताठ ब्रश, कडेकपारीसाठी जुना टूथब्रश. एवढा सरंजाम मांडून ती पहिल्या चाकापाशी पाट टाकून बसली.

आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवली, मग साबण. ब्रश गोल गोल फिरू लागला तसा पांढरा फेस चहासारखा तांबूस झाला आणि ओघळत फरशीवर आला. जिथे डाग हटेना तिथे सोड्याचा लेप थापून ती थांबली. नंतर वरून व्हिनेगर शिंपडलं. लेप फसफसला, बारीक बारीक कुजबुजला. ऊन कलतं होतं. प्रत्येक बुडबुड्यात एक एवढंसं आभाळ होतं, त्यात एवढंसं घर, आणि घराच्या पायरीवर बसलेला एक मुठीएवढाही नसलेला माणूस. बुडबुडा फुटला की दुसऱ्यात तो माणूस पुन्हा तसाच बसलेला. ती बघतच राहिली. हात आपोआप चालत होते. कुठेतरी कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला, तो फार लांबून आला.

"झोपलीस की काय?" सरांनी विचारलं.

"नाही हो. धुतेय."

"जमिनीला टेकतो त्या भागावर तेलकट काही लावू नकोस. ब्रेक लागणार नाही."

"माहीत आहे. तुम्ही झोपेतही हेच बडबडता."

तिने भरपूर पाणी सोडलं. तांबूस ओघळ गेला आणि खालून काळा रंग वर आला, नव्या छत्रीसारखा. चारही चाकं अशी न्हाऊन निघाली. पण मग घोडं अडलं. प्रत्येक चाकाचा जमिनीवर टेकलेला भाग होता तसाच मळका राहिला होता.

"आता हो? हे खालचं कसं निघायचं?"

सर हसले. "चाक अर्धा फेर पुढे घ्यावं लागेल."

"घेणार कोण?"

तिने फाटक उघडून बाहेर पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"सगळ्या गावाला शिकवलंत," ती हात पुसत म्हणाली, "आणि घरात दिव्याखाली अंधार."

"शिकवताना मी ओरडतो." सर म्हणाले. "बाहेरचे ओरडा खाऊन आपापल्या घरी जातात. तू कुठे गेली असतीस?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. ते तिने ओल्या मनगटाने पुसलं. मग सरांचा हात धरून त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. आतून सगळं वेगळंच दिसत होतं. काच रुंद, रस्ता जवळ, आणि स्वतःचे सोड्याने पांढुरके झालेले हात कुणा दुसऱ्याच बाईचे वाटणारे.

"क्लच पूर्ण दाब. किल्ली फिरव. पहिला गियर टाक. आता पाय सोड, पण तुझं मशीन जरीच्या पदरावर चालवतेस ना, तितक्या हळू. माझा पाय ब्रेकवर आहे. भिऊ नकोस."

"तुम्हाला दिसत नाही."

"तुला दिसतंय की. मग झालं."

गाडी थरथरली आणि पाण्यात होडी सोडावी तशी पुढे सरकली. चाकांनी अर्धा फेर घेतला.

"बास," सर म्हणाले. "थांबव."

तिने थांबवलं नाही. फाटक उघडंच होतं. सरांचा पाय ब्रेकवर होता; तिला तो दिसत होता, दाबला मात्र गेला नाही. गाडी गल्लीत आली. दोन्हीकडच्या भिंती, खिडक्या, दोऱ्यांवरचे कपडे संथपणे मागे वाहत गेले. सर कुठेच ओरडले नाहीत. "वळण आलं का?" एवढंच विचारलं. "आलं," ती म्हणाली, आणि वळली.

रस्ता जिथे संपून मोकळं रान सुरू होतं तिथे तिने गाडी उभी केली. इंजिन बंद झाल्यावर शांतता केवढी तरी मोठी झाली.

"आता मागे कसं न्यायचं?"

"ते मी दुसऱ्या दिवशी शिकवतो. पहिल्या दिवशी फक्त पुढे."

"आणि जावईबापू?"

"येऊ दे की उद्या. चांगलं जेवू घाल. परत जाताना मात्र म्हणावं, आलात तसे जा."

ती इतकी हसली की चुकून हॉर्न वाजला. रानातून दोन पक्षी उडाले.

"समोर काय आहे?" सरांनी विचारलं.

"गवत. वाऱ्याने एकीकडे झुकलंय. पलीकडे पाणी असावं, काहीतरी चमकतंय."

"सावकाश सांग. घाई नाही."

ती सांगत राहिली. ऊन उतरलं तशी दोघं खाली उतरली, गाडी तिथेच ठेवली आणि हात धरून पायी घराकडे निघाली. वाटेत सर थांबून थांबून विचारत होते, हे कुणाचं घर, तो आवाज कशाचा, आणि ती सांगत होती.