डब्यातली साखर

शिरीषला मॅकरिचीच्या जंगलात यायचंच नव्हतं. पण रविवार, त्यात सविताचा हट्ट, आणि बारा वर्षांची अनुया बूट घालून दारात उभी. नाही कसं म्हणणार? "इथे आपण पहिल्यांदाच येतोय ना?" सविताने विचारलं आणि हा खुशाल हो म्हणाला.

खरं तर अकरा दिवस तो याच जंगलात येत होता. नोकरी गेली होती, तिच्यावरच मिळालेला इथे राहायचा पास रद्द झाला होता, हा परका देश सोडायला तीस दिवस मिळाले होते. ऑफिसची बॅग आणि डबा घेऊन हौगांगच्या फ्लॅटमधून निघायचं, या जुन्या, आभाळ झाकणाऱ्या झाडांखाली दिवस काढायचा आणि सातला घरी परतायचं. अनुयाची सहावीची मोठी परीक्षा दोन महिन्यांवर आलेली; कोणत्या तोंडाने सांगणार?

वाट सोपी होती, सावलीची. पण फाटा आला तसा तो पाटीकडे न बघताच डावीकडे वळला. वर "पुढे बाक आहे बसायला," असंही बोलून गेला. माणसाने खोटं बोलावं, पण निदान ते लक्षात तरी ठेवावं.

अनुया माकडं बघत पुढे गेली. सविता बाकावर टेकली आणि तिने पिशवीतून छोटा डबा काढला. शिरीषच्या ऑफिसातल्या संजीवनीसाठी ती रोज त्यात भाजी द्यायची. डबा रिकामा परत करू नये, म्हणून संजीवनीही कधी चिवडा, कधी वडी घालून पाठवायची. हल्ली दोन्ही डबे शिरीषच संपवत होता आणि छोट्यात कॉफीच्या स्टॉलवरची साखर भरत होता.

"रोज साखर," सविता म्हणाली. "संजीवनी आजारी आहे की काय, म्हणून काल फोन केला तिला."

शिरीष तिच्या शेजारी बाकावर बसला.

"नोकरी गेली त्याचं नाही रे. मघाशी पाटी न बघता वळलास तेव्हा कळलं, तू इथे एकटा बसून जेवत होतास; त्याचं रडू आलं. आणि रागही इतका आलाय, की काय सांगू."

"सांगणारच होतो."

"मला परक्याकडून कळलं. अनुला तरी तू सांग. आत्ता."

अनुया धावतच आली. "बाबा, एक्झाम झाली की रोज इथे येऊ या, कॅन? चालेल ना?"

शिरीषने तिला दोघांच्या मध्ये बसवलं.

"अनु," तो म्हणाला, "परीक्षेच्या वेळी आपण इथे नसणार, बाळा."