चौदा ऑक्टोबरपर्यंतचा मी

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. पांढरा, तळहातावर मावेल एवढा, वरच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन भोकं. अमेरिकेत मला आय-नाइन्टीफोर म्हणत. परदेशातून आलेल्या माणसाने किती दिवस राहायचं, ते माझ्या अंगावर लिहिलेलं असे. माझ्यावर हाताने लिहिलेली तारीख होती १४ ऑक्टोबर २००५. तेवढीच माझी किंमत, आणि खरं सांगतो, मला तिचा फार तोरा होता.

छापखान्यात आम्ही हजारो भावंडं एकसारखी जन्मलो. विमानात एका हवाईसुंदरीने मला नागपूरच्या कादंबरी नावाच्या बाईच्या हातात दिलं. गळक्या बॉलपेनने तिने माझ्यावर नाव लिहिलं. डॅलसच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिचा व्हिसा वाचला. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीने त्यावर स्पष्ट नोंद केली होती, की ही बाई आपल्या अविवाहित जोडीदारासोबत राहायला चालली आहे. अधिकाऱ्याने भुवई उंचावली, पण शिक्का मारला आणि मला तिच्या पासपोर्टात टाचलं.

जोडीदार म्हणजे सुशांत. तो डॅलसजवळच्या अर्विंगला सॉफ्टवेअरचं काम करायचा, कामाच्या व्हिसावर. लग्न झालं असतं तर कादंबरीला बायकोचा व्हिसा मिळाला असता. पण तिच्या पहिल्या नवऱ्याशी घटस्फोटाचा खटला नागपूरच्या कोर्टात तीन वर्षं रेंगाळला होता. म्हणून ती पाहुण्यांच्या व्हिसावर आली होती. बिचारी दोन तारखांवर जगत होती, एक कोर्टाची आणि एक माझी.

आता चूक कुठे झाली ते ऐका. ते दोघं डॉक्टर मोरेश्वरकाकांच्या टाऊनहाऊसमध्ये भाड्याने राहत. काका निवृत्त, शेजारच्याच घरात राहणारे. मे महिन्यात त्यांच्या पत्नी नीलांबरीकाकूंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, मंगळसूत्र कुठाय तुझं?" कादंबरी गोंधळली आणि म्हणाली, "लॉकरमध्ये ठेवलंय काकू." दुसऱ्याच दिवशी तिने भारतीय वाण्याच्या दुकानातून खोटं मंगळसूत्र आणून गळ्यात घातलं. मी तेव्हा ड्रॉवरमध्ये होतो. घरी येऊन ती सुशांतला हे सांगताना हसली, पण ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

ऑक्टोबर उजाडला. मुदत वाढवून मागायचा अर्ज भरून तयार होता. फक्त दोघं एकत्र राहतात याचा पुरावा हवा होता, आणि भाड्याच्या करारावर नाव एकट्या सुशांतचं. मग घरमालकांचं पत्र मागितलं. काकांनी रविवारी सकाळी ते आणून दिलं, सुवाच्य अक्षरात, झोकदार सही करून. त्यात लिहिलं होतं, 'सुशांत आणि त्याची बायको कादंबरी.'

कादंबरीने 'बायको' या शब्दावर बोट ठेवलं.

"जाऊ दे ना यार," सुशांत म्हणाला. "अटॅच करून टाकू. कोण एवढं वाचतंय?"

"अर्जात आपण अनमॅरिड लिहिलंय सुशांत! एकाच पाकिटात दोन गोष्टी? खोटारडी ठरवून परत पाठवतील. मग पुन्हा व्हिसा कोण देणार मला?"

"मग काकांना काय सांगणार? घर सोडा म्हणाले तर?"

तिने पासपोर्ट उघडून माझ्याकडे पाहिलं. पाच दिवस उरले होते. सोमवारी पोस्टाला सुट्टी होती. माझा तोरा त्या क्षणी पार उतरला, मित्रांनो. आपल्या अंगावरच्या तारखेची कुणाला भीती वाटते हे कळणं काही सुखाचं नसतं.

तिने पासपोर्ट आणि पत्र उचललं आणि ती एकटीच शेजारी गेली. गळा मोकळाच ठेवला होता. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. काकांनी चष्मा काढला.

"पस्तीस वर्षं या देशात सह्या करतोय मी," ते म्हणाले. "एक खोटी नाही. तू मात्र माझ्याकडून करून घेतलीस."

"ती सही पोस्टात पडू नये म्हणूनच आलेय, काका. नवं पत्र द्यायला तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. हे पत्र मी वापरणार नाही."

काकांनी पत्राचे चार तुकडे केले. कादंबरी पासपोर्ट घेऊन दाराकडे वळली.

"कुठे निघालीस? बस." काकांनी कोरा कागद ओढला. "आता नीट सांग. लग्न झालेलं नाही, केस पेंडिंग आहे, एप्रिलपासून एकत्र राहता. अजून काही लपवलंयस?"

"नाही काका."

"राग गेलेला नाही माझा. पण जे डोळ्यांनी पाहिलंय ते लिहीन."

मंगळवारी पाकीट गेलं, मुदतीच्या आत पोचल्याची पोच आली. चौदा तारीख आली आणि गेली; अर्ज वेळेत पोचल्याने निकाल लागेपर्यंत तिला राहता येणार होतं. पुढचे तीन महिने ती रोज टपालपेटी उघडायची. जानेवारीत पाकीट आलं. मंजुरीच्या कागदाखाली माझ्यासारखाच एक नवा कागद होता, चौदा एप्रिलपर्यंतचा. मला हेवा वाटला, पण थोडाच.

सुशांत नाचायलाच लागला. कादंबरीने आधी शेजारी फोन लावला. ऑक्टोबरपासून तिच्याशी धड न बोललेल्या काकूंनी तो उचलला.

"मिळालं, काकू."

मित्रांनो, तुमच्यासाठी जो माणूस सही करतो, त्याला आधी खरं सांगा. उशीर झाला असेल तरी सांगा. पोरीला ते जमलं, पण त्याची किंमत काकूंच्या तीन महिन्यांच्या अबोल्यात मला कळली.

मग काकूंनी विचारलं, "कधीपर्यंत?"

"चौदा एप्रिल."

"थांब, कॅलेंडरवर लिहून ठेवते. तुम्हा दोघांना लक्षात राहील थोडंच!"