अडगळीच्या खोलीतलं पाळणाघर

तहानीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या संस्थेच्या खिडकीखाली, बाहेर गल्लीत, भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा, शेजारी चार वर्षांची मुलगी, गुडघ्यावर वही. आत उस्ताद बिशारा एका जुन्या फ्रीजची पाठ उघडून बायकांना काहीतरी समजावत होते, आणि ही बाहेरून ऐकून ते लिहून घेत होती. मुलगा दर दोन मिनिटांनी तिची पेन्सिल ओढायचा. ती त्याच्या मुठीतून सोडवून घ्यायची आणि पुढे लिहायची.

"आत का नाही बसत गं?" मी विचारलं.

"मुलं आणायची नाहीत असा नियम आहे, खाला."

"मग घरी ठेवून ये."

"घरी कोण आहे? नवरा लिबियात. सासूला गुडघ्यांमुळे उठवत नाही. हा तर पळतो." तिनं मुलाकडे हनुवटीनं दाखवलं. "नाव आधीच लिहून घेतलंय माझं. सहा जागा होत्या, सहावी माझी. आत बसू देत नाहीत, पण खिडकी उघडी आहे ना."

आमच्या नाईलकाठच्या अखमीम गावात निम्म्या घरांतले पुरुष बाहेर. कोणी कुवेतला, कोणी लिबियाला. घरात फ्रीज असतो, कपडे धुण्याचं यंत्र असतं, पण ते बिघडलं की पंचाईत. एकट्या बाईच्या घरात परका मेकॅनिक शिरणार कसा? मग दीर नाहीतर भाऊ मोकळा होईपर्यंत भेंडीचा बामिया नासतो, दूध फाटतं. उस्ताद बिशारांनी चाळीस वर्षं हे पाहिलेलं. कित्येक घरांच्या उंबऱ्यावर उभं राहून, आतल्या बाईनं सांगितलेल्या आवाजावरून ते बिघाड ओळखायचे. शेवटी तेच ममदूह साहेबांना म्हणाले, "बायकांनाच शिकवू या की. माझं वय झालं, उंबऱ्यावर उभं राहवत नाही." ममदूह साहेब आमच्या संस्थेचे प्रमुख. त्यांनी चार महिन्यांचा वर्ग काढला. गावानं आठवडाभर हसून घेतलं.

मी त्या संस्थेत जायची ती साक्षरतेच्या वर्गाला. मी उम्म रिफअत, म्हणजे रिफअतची आई, वय अठ्ठावन्न. अठ्ठेचाळीस वर्षं मागावर बसले. आता बोटं वळत नाहीत. मुलं कैरोत, नवरा देवाघरी. दिमयाना बाईंच्या वर्गात मी तीन वर्षं बसत होते आणि तीनदा परीक्षेच्या दिवशी घरीच राहिले होते. ते का, ते पुढे सांगते.

त्या दिवशी मी तहानीच्या मांडीवरून पोर उचललं. "जा आत. एक वाजेपर्यंत मी आहे."

तिनं दोन वेळा विचारलंसुद्धा नाही. वही घेतली आणि गेली.

मी दोन्ही मुलांना घेऊन अंगणातल्या लिंबाच्या सावलीत बसले. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई आपली मुलगी हातात देऊन गेली. "तहानीची सांभाळतेस, तर हिलाही बसव." आठवडा संपेपर्यंत अकरा पोरं जमली. वरच्या शिवणवर्गातल्या बायकांनीही आणायला सुरुवात केली होती. अंगणात ऊन यायला लागलं की मी कोंबड्या हाकल्यासारखी अकरा जणांना सावलीबरोबर सरकवत न्यायची.

तहानी ममदूह साहेबांकडे गेली. मीही मागे गेले. जिन्याखाली अडगळीची एक खोली होती, ती मागायची होती.

"पुढच्या वर्षीच्या नियोजनात घालू," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट पुढच्या वर्षात ठेवायची त्याला सवय.

"पुढच्या वर्षी माझी मुलगी शाळेत जायला लागेल, साहेब," तहानी म्हणाली.

"मग चांगलंच आहे की!"

बाहेर येऊन तिनं मला विचारलं, "शुक्रवारी किल्ली कोणाकडे असते?"

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नमाजानंतर आम्ही सात बायका गेलो. दिमयाना बाईही आल्या, त्यांचं चर्च रविवारचं. मोडके माग, सुताचे कुजलेले गठ्ठे, जुन्या निवडणुकीचे फलक, तीन पायांच्या खुर्च्या असं काय काय निघालं. उंदरांचं एक घरटंही निघालं, तेव्हा फ्रीज उघडायला निघालेल्या बायका किंचाळत अंगणात पळाल्या. मी झाडूनं ते उचललं. संध्याकाळपर्यंत भिंतींना चुना लावला, जमिनीवर माझ्या घरची सतरंजी टाकली.

शनिवारी ममदूह साहेब दारात येऊन उभे राहिले. "मला विचारलंत?"

"विचारलं होतं," तहानी म्हणाली. "तुम्ही पुढच्या वर्षी म्हणालात. आम्ही वर्ष थोडं अलीकडे ओढलं."

साहेब हसले नाहीत, पण खोलीला कुलूपही लावलं नाही.

मग तिचा दीर आला. सबरी त्याचं नाव, बाजारात खाटिकखाना. भर वर्गात येऊन ओरडायला लागला, "आमच्या घरची बाई हातात पाना घेऊन लोकांच्या घरात शिरणार? गावात तोंड कुठे दाखवू मी?"

तहानीच्या हातात तेव्हा तांब्याची नळी होती. तिला डाख कसा लावायचा ते उस्ताद दाखवत होते. ती नळी तिनं सावकाश खाली ठेवली.

"सबरी, उद्यापासून सकाळी नऊ ते एक तू मुलं सांभाळ. तुझ्या दुकानात बसव दोघांना. शी-शू, खाणं, झोप, सगळं बघ. महिनाभर बघ. मग आपण बोलू."

पोरं दारातून डोकावत होती. तहानीच्या धाकट्यानं काकाला पाहून हात वर केले, 'घे' म्हणून. सबरीनं त्याला घेतलं खरं, पण पोरानं लगेच त्याच्या पायघोळ गलबियाच्या बाहीला नाक पुसलं. बायका तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. सबरी पोर माझ्याकडे देऊन निघून गेला आणि त्यानं लिबियाला भावाला फोन लावला.

दोन दिवसांनी नवऱ्याचा तहानीला फोन आला. ती अंगणात बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी येईपर्यंत थांब, असं म्हणतोस? बरं. कधी येणार?"

तिनं वही उघडून पेन्सिल हातात घेतली.

"तारीख सांग. मी थांबते."

पान कोरंच राहिलं. तिनं वही मिटली.

"मग तोवर मी शिकते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. वर्गात परत जाताना तिचे डोळे ओले होते. डाख मात्र त्या दिवशी तिचा पहिल्यांदा न गळता बसला.

पाचव्या आठवड्यात सरकारी कचेरीतून एक तपासनीस बाई आल्या. बोलायला गोड, पण हातात कागद. खोली पाहिली, पोरांना खजूर दिले, मग म्हणाल्या, "हे बिनपरवान्याचं पाळणाघर आहे. माझ्या वरच्यांना कळलं तर मला बंद करावं लागेल."

"परवान्याला काय लागतं?" तहानीनं विचारलं.

"पदविका असलेली एक प्रमुख."

"दिमयाना बाईंकडे आहे."

"जिन्याला फाटक. पाण्याची सोय. आणि मुलांबरोबर दिवसभर जी बाई असते तिच्याकडे निदान साक्षरतेचं प्रमाणपत्र. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते तिला वाचता यायला हवं, नाही का?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे असेलच."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सतरंजीची किनार बघत बसले.

त्या गेल्यावर मी तहानीला सांगितलं, "दुसरी कोणी बघा. मी जाते."

"का?"

मग मी तिला सांगितलं. लग्नानंतर नवरा इराकला कामाला होता तेव्हाची गोष्ट. त्याचं पत्र आलं. पोस्टातल्या कारकुनाकडे वाचून घ्यायला नेलं. रांगेत उभी असताना मी ते पत्र डोळ्यांसमोर धरलं होतं, वाचता येत असल्यासारखं. कारकून मोठ्यानं म्हणाला, "बाई, उलटं धरलंय." सगळी रांग हसली. दिमयाना बाईंपासून ते गल्लीतल्या पोरापर्यंत कोणासमोर कागद धरला की मला अजून ती रांग ऐकू येते. परीक्षा म्हणजे तेच. माझ्यासमोर कागद आणि बघायला माणसं.

तहानीनं माझं सगळं ऐकलं. "परीक्षा चोवीस दिवसांनी आहे," ती म्हणाली.

"ऐकलंस का मी काय म्हटलं?"

"ऐकलं, खाला. तू गेलीस की खोली बंद. खोली बंद की मी खिडकीखाली, आणि बाकीच्या पाच घरी. तुला भीती वाटते ते खरं आहे. मलाही वीज हातात घ्यायची भीती वाटते. उद्यापासून हजेरी तू लिहायचीस."

अकरा नावं रोज सकाळी. पहिल्या दिवशी मला तासभर लागला. एका पोराचं नाव अब्द अल-मुइझ्झ. त्याच्या आईला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही. आमच्या अरबीतलं ऐन हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. त्यापेक्षा माणसं परवडली. तहानी वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबायची. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जाड अक्षरात शब्द लिहायची: पाणी, ताप, चमचा, दिवसातून दोनदा. औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून मला वाचायला लावायची. मी अडले की सांगायची नाही. नुसती बसून राहायची. तिची ती शांतता मला शिव्यांपेक्षा कठीण जायची.

एकदा मी चिडून पुठ्ठा भिरकावला. तिच्या चार वर्षांच्या मुलीनं तो उचलून आणला आणि म्हणाली, "आजी, हे ताप आहे. मला येतं." त्यानंतर मी पुठ्ठा भिरकावला नाही.

परीक्षा मुलांच्या शाळेत होती. सकाळी तहानी मला फाटकापर्यंत सोडायला आली. "आत येऊ?" तिनं विचारलं. "तुझा वर्ग चुकेल," मी म्हटलं. ती गेली.

बाक लहान पोरांचे, गुडघे वर येत होते. पेपर आला. अक्षरं हलायला लागली. पर्यवेक्षक माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि मला वाटलं, आता म्हणेल, 'बाई, उलटं धरलंय.' दार चार पावलांवर होतं. मी उठलेसुद्धा.

"काही हवंय का, आजी?" त्यानं विचारलं.

त्या वेळी खोलीत दिमयाना बाई अकरा पोरांना घेऊन बसल्या असतील. शेजारच्या खोलीत सहा जणी पाने घेऊन वाकल्या असतील. मी आता बाहेर पडले तर त्यांना काय सांगणार होते?

"पाणी हवंय," मी म्हटलं.

त्यानं आणून दिलं. मी प्याले आणि बसले. शुद्धलेखनात दोन शब्द सोडून दिले, हिशेब केला, उतारा बोट ठेवून वाचला. शेवटी लिहायचं होतं: एखाद्या कचेरीला पत्र. मी लिहिलं, 'माननीय साहेब, आमच्या पाळणाघराच्या जिन्याला फाटक नाही. अकरा मुलं आहेत, त्यातला एक फार पळतो. तुम्ही फाटक देणार नसाल तर निदान एक दिवस येऊन त्याच्यामागे पळा. तुमची, उम्म रिफअत.' सही करताना अंगठा आपोआप पुढे आला. मी तो मागे घेतला आणि नाव लिहिलं.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. शंभरातले एकसष्ट. दिमयाना बाईंनी यादी वाचायला सुरुवात केली तर मी त्यांना थांबवलं. माझं नाव मीच शोधलं. खालून चौथं होतं. तहानीनं मला एवढं घट्ट धरलं की तिच्या हाताचं वंगण माझ्या ओढणीला लागलं.

पाण्याचा नळ संस्थेनं घेतला, आणि सगळं बघून तपासनीस बाईंनी परवाना दिला. फाटक मात्र त्याआधीच सबरीनं करून दिलं होतं, खाटिकखान्याच्या जुन्या लोखंडी गजांचं. एका दुपारी आणून बसवलं. "पोरगा पडेल म्हणून," एवढंच म्हणाला, आणि वहिनीकडे न बघता गेला. तिच्या कामावर तो अजून खूश नाही.

चार महिन्यांचा वर्ग संपताना उस्ताद बिशारांनी एका फ्रीजमध्ये मुद्दाम एक बिघाड केला आणि सगळ्यांना शोधायला लावला. तहानीनं दोन शोधले. दुसरा उस्तादांनाही माहीत नव्हता. ते आधी रागावले, मग त्यांनी गॅसचा दाब मोजायच्या आपल्या गेजची पेटी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "मी आता उंबऱ्यावर उभा राहणार नाही," म्हणाले.

तहानी आता रोज दोन-तीन घरी जाते. तिच्या बरोबरच्या दोघी काम करतात, एकीनं सोडलं, दोघी अजून हात बसवतायत. नवरा लिबियाहून अजून आलेला नाही.

पुढच्या वर्गासाठी काल नावनोंदणी झाली. दारात मी बसले होते, वहीत नावं लिहून घेत. एकोणीस बायका आल्या, त्यांची मिळून सव्वीस पोरं. जिन्याखालच्या खोलीत सव्वीस मावणार नाहीत. ममदूह साहेब यादी बघून म्हणाले, "बघू, पुढच्या..."

तहानीनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "साहेब, गच्चीची किल्ली कोणाकडे असते?"