मालकांची रोजची पाच मिनिटं

नमस्कार-बिमस्कार राहू द्या, मित्रांनो. मी एक जुना इंजेक्टर आहे. बघा, लगेच चेहरे कोरे झाले! गाडीचा रंग कुठला, आत गाणी किती मोठ्यानं वाजतात, हे तुम्हाला तोंडपाठ. पण जिच्यात बसून मिरवता ती पळते कुणाच्या जोरावर, हे विचारलं की डोकं खाजवता. तुमच्याकडून मला वेगळी अपेक्षा नव्हतीच म्हणा.

मी बोटाएवढा आहे. इंजिनात आम्ही चार भाऊ ओळीनं बसतो. पेट्रोल आमच्याकडे येतं आणि आम्ही ते बारीक छिद्रांतून उडवतो. न्हावी केस कापण्याआधी बाटलीतून पाणी मारतो ना, तसं. फक्त आमचा फवारा त्याहून कितीतरी बारीक. फवारा नीट असला की पेट्रोल नीट जळतं आणि गाडी गुमान चालते. कारखान्यात माझी तपासणी झाली तेव्हा तिथला माणूस माझा फवारा बघून "एक नंबर" म्हणाला होता. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नाही.

पुढे मी नाशिकला, इंदिरानगरात राहणाऱ्या देवराम यांच्या पांढऱ्या गाडीत आलो. हे आमचे मालक. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर यंत्रं सांभाळली, असं ते पार्किंगमध्ये सगळ्यांना सांगतात. प्रत्यक्षात ते तिथं कारकून होते आणि त्यांनी सांभाळल्या त्या फायली.

निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव गाडीत. रोज सकाळी सहाला बादली, शांपू, फडकं. टायरला काळं पॉलिश. दसऱ्याला बोनेटवर झेंडूची ही जाड माळ. आणि धुऊन झालं की त्यांचा लाडका कार्यक्रम : गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करायची. लांब कुठं न्यायची नाही. "इंजिन मोकळं राहतं," असं ते ऐटीत सांगत. मोकळं राहतं, डोंबल! इंजिन बंद झालं की माझ्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब उरतो. तो तिथंच उष्णतेनं आटतो आणि त्याचा चिकट थर बसतो. गाडी लांब पळवली असती तर एवढं झालं नसतं. पण रोज पाच मिनिटं चालू, मग बंद. असं तीन वर्षं. वरून बोनेट इतकं चकचकीत, की त्यात बघून मालक मिशा विंचरायचे, आणि आत माझं तोंड चोंदत चाललेलं.

मग व्हायचं तेच झालं. माझा फवारा जाऊन थेंब गळायला लागले. गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, कधीकधी बंद पडायची. मालक स्वतः चालवताना बंद पडली की ते पेट्रोलला शिव्या घालत. त्यांच्या पत्नी, लताबाई, चालवत असल्या की मात्र दोष लताबाईंचा. काय डोकं आहे, नाही?

या लताबाई शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, क्लास लावून गाडी शिकल्या. हौस म्हणून नाही. त्यांची आई चिमणाबाई लासलगावात एकट्या राहतात. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. लेक गाडी शिकली हे कळल्यावर म्हातारी फोनवर म्हणाली, "नजर हाय तवर एकदा तुला गाडी चालवताना बघू दे गं. अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी." बस्स, एवढंच मागणं. न जमण्यासारखं त्यात काय होतं?

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी लताबाई निघाल्या. मालक शेजारी बसलेच, कारण सूचना कोण देणार? "गिअर बदल. हॉर्न दे. अगं, तो बैल दिसत नाही का?" निफाडच्या चौकात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी थांबली, थरथरली आणि बंद पडली. लताबाईंनी चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदाही तेच. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. खरं सांगतो, मी जीव तोडून फवारा मारायला बघत होतो, पण तोंडच बंद तर करू काय?

"उतर खाली!" मालक भर चौकात ओरडले. "क्लच सोडता येत नाही आणि निघाली लासलगावला!"

लताबाई उतरल्या. ट्रॅक्टरवाले बघत होते, टपरीवाले बघत होते. त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मालकांनी ॲक्सिलरेटर दाबून धरत गाडी रेटली, वळवली आणि सरळ घरी आणली. घरी आल्यावर स्वतःच सासूला फोन लावला. "तिला जमत नाही हो गाडी. वय झालं आता." त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या खिशात गेली.

लताबाई मग एसटीनं आईकडे जायच्या. परत आल्या की शेजारच्या यशोदाबाईंना पार्किंगमध्ये सांगायच्या, ते माझ्या कानावर यायचं. दिवाळीत आईनं साडीचा रंग ओळखला. संक्रांतीला रंग ओळखता आला नाही, चेहरा ओळखला. फेब्रुवारीत लताबाई दारात उभ्या राहिल्या तर आई म्हणाली, "कोण हाय?" आणि दर खेपेला एकच प्रश्न, "गाडी नाय आणली?" लताबाई सांगायच्या, गाडी दुरुस्तीला टाकलीय. गाडी कसली दुरुस्तीला? ती पार्किंगमध्ये शांपूनं अंघोळ करत होती!

मार्चमध्ये आमच्या मालकांची जिरली. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडी त्यांच्याच हातात चार वेळा बंद पडली. घरी येऊन काय म्हणावं या गृहस्थानं? "क्लच तूच घासून खराब केलास. चल गॅरेजला, मेकॅनिकच्या तोंडूनच ऐक." आणि लताबाईंना मुद्दाम सोबत नेलं.

गॅरेजवाला महेश अबोल माणूस. त्यानं गाडी चालवून पाहिली, इंजिनाला कान दिला आणि आम्हा चौघांना बाहेर काढलं. एका यंत्राला काचेच्या चार उभ्या नळ्या होत्या, त्यांवर आम्हाला बसवलं. बटण दाबलं. माझ्या तीन भावांनी कसेबसे फवारे मारले. माझ्या नळीत नुसते थेंब पडले, टप् टप्. मला शरम वाटली, मित्रांनो. तिघा भावांसमोर उघडं पडणं सोपं नसतं.

"क्लच ठणठणीत आहे, काका," महेश म्हणाला. "हा इंजेक्टर चोंदलाय. म्हणून थांबली की बंद पडते. गाडी रोज जागेवरच चालू-बंद करता का?"

लताबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक छताकडे बघत होते.

"म्हणजे माझ्या क्लचमुळं बंद पडत नव्हती?" लताबाईंनी विचारलं.

"नाही काकू. अशी गाडी तुम्ही इतके दिवस चालवलीत हेच खूप."

"मी म्हणतच होतो," मालक घसा खाकरून म्हणाले, "गाडीतच काहीतरी आहे."

ऐकलंत? म्हणतच होते म्हणे! लाज नावाची वस्तू या माणसाच्या घरात कधी आली नसावी. लताबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या द्राक्षबागेत नोझल चोंदलं तर तुम्ही नोझल साफ करता. फवारणाऱ्या गड्याला भर रस्त्यात खाली उतरवत नाही." महेशनं आम्हाला औषधाच्या पाण्यात घातलं, यंत्र सुरू केलं, आणि तासाभरात माझा फवारा पहिल्यासारखा झाला. "एक नंबर," तो म्हणाला. गाडी जोडून झाल्यावर त्यानं सवयीनं किल्ली मालकांसमोर धरली. ती लताबाईंनी घेतली.

"तुम्ही रिक्षानं घरी जा," त्या म्हणाल्या. "मी आईकडे चाललेय."

निफाडच्या चौकात पुन्हा ट्रॅक्टर होते. गाडी थांबली आणि मी इमानदारीनं फवारत राहिलो. लासलगावच्या गल्लीत लताबाईंनी हॉर्न दिला. चिमणाबाई भिंत चाचपत बाहेर आल्या. त्यांनी बोनेटवरून हात फिरवला, दारावरून फिरवला, खिडकीतून आत घातला. हाताला स्टिअरिंग लागलं आणि त्यावरचे लेकीचे हात लागले.

"तूच चालवत आलीस?"

"हो आई. एकटीच."

"थोडी आधी आली असतीस, तर बघितलं असतं गं," म्हातारी म्हणाली.

मला धुवायला एक तास लागला, मित्रांनो. मालक म्हणवणाऱ्या त्या माणसाला तेवढी अक्कल यायला पाच महिने लागले, आणि चिमणाबाईंच्या डोळ्यांत जे काही उरलं होतं ते त्याच पाच महिन्यांत गेलं. तुमच्या घरी गाडी असेल तर तिला वरून घासत बसू नका. वेळच्या वेळी मेकॅनिकला बोनेट उघडून दाखवा. आणि ती बंद पडली तर आधी इंजिन तपासा, मग चालवणाऱ्यावर ओरडा. एवढं तरी तुम्हाला जमावं.

लताबाईंनी डावीकडचं दार उघडून आईला शेजारी बसवलं. चिमणाबाई म्हणाल्या, "सगळ्या गल्लीतून ने. हळू ने. त्यांना तरी दिसू दे."