खाऱ्या सोंगट्या

खेळ: खाजण. दोन ते चार खेळाडू. किंमत तीन हजार सहाशे.

पुठ्ठा: जाड. कडा साफ.

पत्ते: वाकवले, परत सरळ झाले.

सोंगट्या: चाळीस. लाकडी, हाताने कापलेल्या. एक दुसरीसारखी नाही. हा गुण की दोष, ते नंतर.

खेळ गव्हाणच्या रंजिताने काढला. ऐंशी पेट्या. वाशीचा एक दुकानदार तिला म्हणाला होता, केतनने दहापैकी सात दिले तर सगळ्या उचलतो. केतन म्हणजे मी. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत बसून खेळ वाकवतो, चोळतो आणि पैसे वसूल होतात का ते लिहितो.

सोंगट्या तिच्या वडिलांनी कापल्या, भगवानकाकांनी. ते राबायचे ते मिठागर बुजवलं तेव्हा खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीच्या फळ्या त्यांनी घरी आणून ठेवल्या होत्या.

"चालीस वर्सं पाण्यात होत्या. किडा लागला नाय." त्यांनी एक सोंगटी माझ्यापुढे धरली. "चाट."

"काका, काहीतरीच."

"मीठ असंच बघतात, पोरा. डोल्यांनी नाय."

चाटली. खारट.

"बघ! हाय का दुकानात असा माल?"

पंधरा दिवसांची चाचणी: जुलै. पेटी बंद करून कपाटात. पनवेलची हवा खेळ तपासते, मी फक्त लिहितो.

निकाल: प्रत्येक सोंगटीखाली ओला डाग. लाकडातलं मीठ हवेतलं पाणी ओढत होतं. पुठ्ठा फुगलेला. पत्ते एकमेकांना चिकटलेले, पटावरच्या खाडीचा निळा रंग त्यांना लागलेला.

रंजिताला फोन केला. तिने तिकडे एक पेटी उघडली. मग दुसरी. फोनवर झाकणांचा आवाज येत राहिला. पंधरानंतर मी मोजणं सोडलं.

मागून काका: "उन्हात टाक. दोन दिस."

"ऊन कुठंय, बाबा?"

"मग गोड्या पाण्यानं धुवू."

"मीठ पार आत हाय, बाबा."

पलीकडे एक झाकण बंद झालं.

"किती देणार?" तिने विचारलं.

सात. खोडलं. पाच. खोडलं. माझ्या शब्दावर कुणीतरी खिशात हात घालणार होतं.

तीन.

दुसरी आवृत्ती. पुढचा जुलै.

सोंगट्या: प्लास्टिकच्या. एका मापाच्या.

पंधरा दिवस: कोरड्या.

निकाल ऐकायला रंजिता माझ्या घरी आली.

"काका?"

"पडून असतात. नवी पेटी दाखवली. एक सोंगटी उचलली, जिभेला लावली."

"काही बोलले?"

"म्हणाले, ही कुनाची?" ती खिडकीकडे बघत होती. "किती देतोस?"

"आठ."

"पैसे वसूल?"

"वसूल," मी म्हणालो, आणि तसंच लिहिलं.