मुखपृष्ठावरची दोन नावे

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच बजावून ठेवते, माझी कीव करू नका. माझा कणा चिकटपट्टीने जोडलेला आहे, पहिल्या पानाचा कोपरा गेला आहे आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तेलाचा काळा अंगठा उमटला आहे. यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला असे माझ्या आतल्या पानावर लिहिले आहे. पण त्याआधी दोन वर्षे मी एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडत होते. मला दोघींनी लिहिले. नात्याने त्या नणंद-भावजय. नणंदेने जन्मभर पालिकेच्या कचेरीत नकाशे काढले. कोणत्या रस्त्याखालून कोणता नळ जातो ते तिला तोंडपाठ होते. भावजय दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसायची. दिवसभर माणसे तिच्यापुढे कण्हत, कुरकुरत, थापा मारत, आणि ती ऐकत राही. संध्याकाळी दोघी भाजी निवडायला बसल्या की माझ्यावरून जुंपायची.

"वन्सं, तुमच्या या गल्लीत माणसं कुठायत?" भावजय विचारी.

"वहिनी, तुझी माणसं बोलतायत खरी, पण उभी कुठे आहेत?" नणंद उलट विचारी.

मग एकीचे पान दुसरी खोडी, आणि खोडलेले कागद भाजीच्या देठांबरोबर टोपलीत जात. पुढे त्यांनी आणखी सहा कादंबऱ्या अशाच भांडत लिहिल्या. मी त्यांतली थोरली.

माझ्यात एका शहराची गोष्ट आहे. त्यात एक टपालवाली आहे. पाडून टाकलेल्या घरांच्या नावाने आलेली पत्रे ती त्या घरांपर्यंत पोचवते. एक लिफ्ट आहे, ती कधी न बांधलेल्या मजल्यावर थांबते. माझ्यातली जादू कुठल्या राजाकडे नाही आणि कुठल्या ऋषीकडेही नाही. ती नळ दुरुस्त करणाऱ्याकडे आहे, रस्ता झाडणारीकडे आहे. शहर ज्यांच्या हातांवर चालते, त्यांचेच ते ऐकते.

वाचनालयात आले तेव्हा ग्रंथपालबाईंना मला कुठे ठेवावे ते कळेना. जादू आहे म्हणून त्यांनी मला मुलांच्या कपाटात ठेवले. यात कचेऱ्या आणि कारखाने आहेत, अशी एका पालकांनी तक्रार केली, तेव्हा मला मोठ्यांच्या कपाटात हलवले. तिथे मोठी माणसे मला चाळून म्हणाली, ही पोरासोरांची. शेवटी मी जिन्याखालच्या कपाटात जाऊन पडले. तीन वर्षे मला कोणी उघडले नाही. कोपरा कसरीने खाल्ला तो तिथेच. मी मात्र एक अक्षरही विसरले नाही.

मग एके दिवशी इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करायला एक बाई आली. खाकी कपडे, खांद्यावर हत्यारांची पिशवी, केस रुमालात बांधलेले. त्या भागात सगळे तिला लिफ्टताई म्हणत. कारखान्यातून सुटा भाग यायला उशीर होता, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर टेकली आणि हाताला लागले ते पुस्तक उचलले. ते पुस्तक मी होते. तिने मला मधूनच उघडले, आणि नेमके लिफ्टचे प्रकरण निघाले. ती वाचता वाचता थबकली.

"बाई," तिने ग्रंथपालबाईंना हाक मारली, "हे कुणी लिहिलंय? दोर सैल पडला की आधी आवाज येत नाही, आधी वास येतो, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं."

"दोघींनी लिहिलंय. तुम्हाला हवं तर घेऊन जा, ते पडूनच असतं."

"पडून कशाला राहील? मी नेते की."

त्या दिवसापासून माझे आयुष्य पालटले. गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत, डबा खाताना, ती मला वाचू लागली. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पान. काळा अंगठा उमटला तो तेव्हा. तिने घाबरून ग्रंथपालबाईंना दाखवला आणि दंड भरायची तयारी केली. बाई म्हणाल्या, "राहू द्या. निदान कुणीतरी वाचल्याची खूण आहे."

घरी तिची आई म्हणायची, "एवढी मोठी झालीस, अजून परीकथा वाचतेस?"

"परीकथा नाहीये, आई. यात माझ्यासारखी माणसं आहेत. लिफ्ट चालू असली की कुणाला मी आठवत नाही, बंद पडली की सगळे माझ्यावर ओरडतात. या दोघींनी माझ्याकडे बघितलंय."

पुढच्या आठवड्यात आईनेच माझा कणा चिकटपट्टीने जोडून दिला.

लिफ्टताईने सातही कादंबऱ्या वाचल्या आणि पुन्हा पुन्हा माझ्याकडे आली. माझ्या मलपृष्ठावर दोघींची आणि त्यांच्या कामांची ओळख छापलेली आहे, त्यावरून तिला एक छंद लागला. कोणता उतारा नणंदेचा आणि कोणता भावजयीचा, हे ती ओळखायची आणि समासात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. नणंदेचे एक टिंब, भावजयीची दोन. जिथे दोघी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, तिथे तीन. मशीन उघडून बघितल्यासारखे तिने मला उघडून बघितले.

अशी वर्षे गेली. नणंद वारली. पुढे दोन वर्षांनी प्रकाशकांनी माझी नवी आवृत्ती काढायचे ठरवले, आणि एका दुपारी आमच्याच वाचनालयाच्या सभागृहात तिची घोषणा केली. प्रस्तावना लिहिणारे समीक्षक बोलायला उभे राहिले. त्यांनी नणंदेची तोंड भरून स्तुती केली आणि मग सहज, पाणी पिता पिता म्हणाले, "एवढी बांधीव कल्पना एकाच बुद्धीतून येते. भावजयबाईंनी हस्तलिखितं स्वच्छ उतरवून दिली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. नव्या आवृत्तीवर लेखिकेचं एकच नाव असेल."

भावजय मागच्या रांगेत बसली होती. प्रकाशक तिच्याकडे बघून चाचरत म्हणाले, "काकू, तुमच्याकडे काही जुने कागद असतील तर..."

"कागद नाहीत," ती म्हणाली. "आम्ही ते देठांबरोबर टाकायचो." एवढे बोलून ती खाली बघू लागली. औषधांच्या खिडकीशी बसून तिला फक्त ऐकायची सवय लागली होती.

मित्रांनो, मी तेव्हा लिफ्टताईच्या पिशवीत पकडीशेजारी होते. तिने मला बाहेर काढले आणि ती उभी राहिली.

"सर, हे चूक आहे. कुठलंही पान उघडा. ते कुणी लिहिलंय, मी सांगते. काकूंनी ते आधी चिठ्ठीवर लिहून प्रकाशकांकडे द्यावं. मग ताडून बघा."

"आपण काय करता?" समीक्षकांनी विचारले.

"लिफ्ट दुरुस्त करते. पुस्तक माझ्याकडे नको, तुमच्याकडे ठेवा. समासात माझ्या खुणा आहेत, म्हणून तुमच्या कोऱ्या प्रतीतून वाचा."

सभागृहात हशा पिकला, पण प्रकाशकांनी कागद मागवला. समीक्षक पान निवडत, भावजय चिठ्ठी लिही, आणि लिफ्टताई चार ओळी ऐकून उत्तर देई. "हे नणंदबाईंचं. आधी रस्ता येतो, मग माणूस." "हे काकूंचं. इथे माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येतो." सात पानांवर सात चिठ्ठ्या जुळल्या. हसणे केव्हाच थांबले होते.

आठवे पान टपालवाली शेवटचे पत्र पोचवते ते होते. लिफ्टताई म्हणाली, "हे दोघींचं." प्रकाशकांनी चिठ्ठी उलगडली. तिच्यावर लिहिले होते, 'माझे'.

"चुकलात," समीक्षक म्हणाले.

"नाही चुकले. शेवटची ओळ काकूंची नाही. 'दार उत्तरेकडे होते.' काकू दिशा कधीच लिहीत नाहीत."

भावजयीने ते पान मागून घेतले. चष्मा वर करून तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. "वन्संनी घातली होती ही. मी म्हटलं होतं, दिशा कशाला हवी? तर म्हणाल्या, पत्र पोचवायचंय ना, मग दार कुठंय ते नको सांगायला? मी विसरूनच गेले होते." मग पहिल्यांदाच ती ताठ उभी राहिली. "या बाई बरोबर आहेत. आणि आम्ही दोघी होतो. हे मीच म्हणायला हवं होतं, आता म्हणते."

समीक्षक म्हणाले की हा काही पुरावा नव्हे. प्रकाशकांनी आठही चिठ्ठ्या खिशात घातल्या. चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली, तिच्यावर दोन्ही नावे होती, सारख्या आकारात. प्रस्तावना गाळली होती. समीक्षकांनी मग वर्तमानपत्रात लेख लिहिला, की साहित्य ही यंत्रदुरुस्ती नव्हे. लिफ्टताईने तो लेख पूर्ण वाचला, नीट घडी घातली आणि ग्रीसच्या डब्याखाली ठेवला.

आता गंमत बघा. नवी प्रत आली तशी माझे दिवस भरले, असे वाटले. आधी मी रद्दीच्या ढिगात गेले. तिथून भावजयीने सोडवले, तर काहींनी मला काचेच्या कपाटात, कुलपात ठेवायचे घाटले. मला दोन्ही नको होते. रद्दीत काय आणि काचेत काय, वाचत कोणीच नाही. सुदैवाने लिफ्टताईने ग्रंथपालबाईंपाशी हट्ट धरला, आणि मला पुन्हा देवघेवीत ठेवण्यात आले.

तेव्हा मित्रांनो, मी विनवणी करणार नाही, हक्काने सांगते. मला न्या. पाने दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, कसरीपासून जपा. कामाचा हात असेल आणि डाग पडला तर घाबरू नका. कोणी म्हटले की हे वाचायचे तुझे वय नाही किंवा तुझी पायरी नाही, तर त्याच्यासमोरच पुढचे पान उलटा. आणि मी आवडले तर चारचौघांत तसे सांगा, मोठ्याने सांगा. ज्यांनी लिहिले त्यांची नावे घ्या. एक घेऊन थांबू नका.