उतरत्या गोळ्यांचा कागद

सल्ला फुकट वाटायचा तर अभिमन्यूनंच. शुक्रवार पेठेतल्या शाळेत कारकुनी करायचा, पण तोरा सर्जनचा. आईनं, रंभाबाईंनी, त्याला किडनी दिली. मग पुण्याच्या डॉक्टरांनी आईच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी त्याच्या रक्तात सोडल्या. शरीरानं परकी किडनी आपली मानावी आणि जन्मभराच्या गोळ्या कमी व्हाव्यात, असा तो प्रयोग होता. दर महिन्याला रक्त तपासून एकेक गोळी उतरत होती आणि स्वारी हवेत होती.

कुंभारी गावचा विणकर शिवानंद त्याचा डायलिसिसच्या दिवसांतला दोस्त. त्याला थोरल्या बहिणीनं, नागव्वानं, किडनी दिलेली. पेशींचा प्रयोग मात्र त्याच्यावर झाला नव्हता. गोळ्यांनी हात थरथरायचे, मागावर तुटलेला धागा जोडता येईना.

"मला बी सांग की, कशा कमी केल्यास?"

"मला आईच्या पेशी दिल्यात रे."

"मग माज्यात अक्काचं रगात हायच की. आपरेशनला तिचंच चढिवलंतं."

रक्त चढवणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं सांगायला काय धाड भरली होती? पण अभिमन्यूला स्वतःलाच ते धड कळलेलं नव्हतं, आणि तसं कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. "असेल की," म्हणाला, आणि आपलं वेळापत्रक सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. खाली लाल शाईनं लिहिलं, 'डॉक्टरांना विचारून'. झाले हात वर!

शिवानंदनं कुणालाच विचारलं नाही, कागदाबरहुकूम गोळ्या उतरवत गेला. हात थरथरायचे थांबले, तो मागावर परतला, पेढे घेऊन आला. चौथ्या महिन्यात अंगावर सूज चढली, लघवी आटली. किडनी गेली ती गेलीच.

दवाखान्याचा जिना चढताना अभिमन्यूला स्वतःची किळस आली. नागव्वानं चारचौघांत शिव्या द्याव्यात, असंच त्याला वाटत होतं. तिनं बाकावर सरकून त्याला जागा दिली.

"अक्का, तो कागद मीच लिहून दिला होता."

"ठावं हाय मला. तुमचं ब्येस झालं, म्हून त्यानं बी केलं." ती जवळ सरकली. "माजी आजून एक हाय न्हवं? ती घ्या म्हनलं, तर डॉक्टर ऐकत न्हाईत. तुमी सांगून बगा की. मला काय हुतंय? तुमी दोगं बसत हुता तशी मी बशीन डायलिसिसला."